रौप्यमहोत्सवाची यादी

नाताळ ते नववर्ष या आठवड्यात पुण्याहून सातारा-कोल्हापूरकडे निघालात, तर रिसॉर्टांच्या फाटकांवर एकाच छापाचे फ्लेक्स दिसतात. अमुक इंजिनिअरिंग कॉलेज, तमुक बॅच, रौप्यमहोत्सवी स्नेहमेळावा. आत पन्नाशीला टेकलेली माणसे सारख्या रंगाचे टी-शर्ट घालून फोटोला उभी असतात. त्यांची चेष्टा करणे फार सोपे आहे, आणि ती पुष्कळांनी करून झाली आहे. मला कुतूहल आहे ते फोटो निघत असताना बाजूला केटररशी घासाघीस करत उभ्या असलेल्या तीन-चार जणांचे. त्यांना कोणी निवडून दिलेले नसते. ग्रुपवर कोणीतरी टाकलेले असते, ‘एकदा भेटलं पाहिजे राव.’ त्यावर पन्नास अंगठे येतात. दोन दिवसांनी प्रश्न येतो, ‘मग कोण बघतंय?’ आणि सगळा ग्रुप गप्प होतो. ती शांतता ज्याला सहन होत नाही, तो समितीत जातो.

हे काम म्हणजे हॉल, जेवण आणि ध्वनिवर्धक यांची जुळवाजुळव, असे समितीतल्या माणसालाही वाटते. मी स्वतः पश्चिम महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचा. अशा समित्यांत बसलो आहे, इतरांच्या समित्या जवळून पाहिल्या आहेत. माझे मत असे झाले आहे की हे लोक नकळत फार मोठा निर्णय घेत असतात. बॅचमध्ये कोण होते आणि कोण नव्हते, हे पंचवीस वर्षांनंतर तेच ठरवतात. तारीख, वर्गणी आणि यादी या तीन गोष्टी ठरल्या की ते ठरून जाते. पुढचे सगळे नुसते जेवण.

ही मेळाव्यांची लाट आली कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. एके काळी महाराष्ट्रात इंजिनिअरिंग कॉलेजे बोटांवर मोजण्याइतकी होती. पुण्याचे १८५४ चे, मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ चे, सांगलीचे वालचंद १९४७ चे, कराडचे सरकारी १९६० चे. मग १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडले आणि तालुक्यातालुक्यांत इंजिनिअर तयार होऊ लागले. त्यांच्या पहिल्या तुकड्या १९८७ च्या सुमारास बाहेर पडल्या, म्हणजे त्यांची पंचविशी २०१२ च्या आसपास भरली. नेमके त्याच काळात प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन येत होता. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपची मर्यादा शंभर माणसांवरून २०१६ मध्ये २५६ झाली, २०२२ च्या अखेरीस १०२४. आता तीन शाखांची अख्खी बॅच एका ग्रुपात मावते. मावते म्हणून ती तिथे आहेच, असा सगळ्यांचा समज होतो, आणि घोळ तिथून सुरू होतो.

आधी तारीख. ती जवळजवळ नेहमी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पडते. कारण सरळ आहे. अमेरिकेतल्यांना तेव्हा सुट्टी असते, पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांतले क्लायंट सुट्टीवर गेलेले असतात. शिवाय धनुर्मासात आणि पौषात लग्ने करायची नाहीत हा जुना संकेत अजून पुरता सुटलेला नाही, त्यामुळे कार्यालये मोकळी सापडतात. पण मग बॅचमधल्या मेकॅनिकलवाल्यांचे काय? त्यांच्यातले कितीतरी साखर कारखान्यांत आहेत. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. मिल चालू असताना चीफ इंजिनिअर दोन दिवस रिसॉर्टवर गेला, आणि नेमका तेव्हाच टर्बाइन बंद पडला, तर कार्यकारी संचालक त्याला काय बोलतील ते इथे लिहिण्यासारखे नाही. सिव्हिलवाल्यांपैकी बरेच बांधकाम खात्यात आणि पाटबंधाऱ्यात आहेत. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन असते. तारांकित प्रश्नांची उत्तरे तयार करायची म्हणून रजा बंद असतात. इलेक्ट्रिकलचे महावितरणात आहेत, तिथे रब्बीच्या पंपांचा भार चढलेला असतो. म्हणजे ज्यांनी महाराष्ट्रात राहून पंचवीस वर्षे पूल, कालवे, वीज आणि साखर यांत घालवली, नेमके तेच गैरहजर. मग ग्रुपवर कोणीतरी लिहितो, ‘अरे हे लोकल असून येत नाहीत, आम्ही सॅन होजेहून आलो.’

यात परदेशातल्यांचा दोष काही नाही. तारीख विचारली जाते तेव्हा सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने उत्तर तेच देतात, कारण त्यांना विमानाचे तिकीट काढायचे असते. साखर कारखान्यातला माणूस ग्रुपवर ‘बघू’ एवढेच लिहितो. समितीला ‘बघू’ वाचता आले पाहिजे.

अमेरिकेत या कामाला एक रीत आहे. तिथल्या जुन्या विद्यापीठांत बॅच ही पदाधिकारी असलेली, कायम टिकणारी संस्था असते. हार्वर्डसारख्या ठिकाणी दर पाच वर्षांनी वर्गाचा लाल बांधणीचा अहवाल छापला जातो. त्यात प्रत्येकाने आपले काय चालले आहे ते लिहायचे, आणि गेलेल्यांची नोंदही तिथेच. आपल्याकडे बॅच शेवटच्या पेपरच्या दिवशी संपते. पत्ते मित्राच्या स्लॅमबुकात, आणि ते स्लॅमबुक माहेरच्या माळ्यावर. १९९९-२००० च्या सुमारास बाहेर पडलेल्यांनी हौसेने याहू ग्रुप काढले होते. त्यात निदान पुष्कळांचे ईमेल होते. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये बंदच झाले. ऑर्कुट त्याआधीच, २०१४ मध्ये गेले. त्यामुळे प्रत्येक समितीला यादी कोऱ्या पानापासून करावी लागते.

ती कशी होते? ज्याच्याकडे जे नंबर आहेत ते तो देतो, ते लोक त्यांच्याकडचे देतात. ही साखळी ओळखीच्या वाटेनेच चालते, आणि ओळखीच्या वाटा पंचवीस वर्षांपूर्वी पडलेल्या असतात. हॉस्टेलची विंग, गावाकडची बस, मेसचा टेबल. तेव्हा प्रवेशाच्या याद्या सूचना फलकावर लागत आणि नावापुढे प्रवर्ग छापलेला असे. शिष्यवृत्तीच्या अर्जाची सूचना वर्गात वाचली जाई, तेव्हा कोण हात वर करते ते सगळे पाहत. कोणी कोणाच्या खोलीत बसायचे, कोणाच्या जर्नलवरून उतरवायचे, हे त्या पहिल्या वर्षातच ठरून गेले होते. तेव्हा ते कोणी उघड बोलले नाही आणि आताही बोलत नाही. अशा साखळीने जमवलेली यादी जुनी उतरंड जशीच्या तशी पुन्हा उभी करते, आणि तीही कोणाच्या मनात वाईट नसताना. ‘आमच्या बॅचमध्ये जातपात कधी नव्हती’ असे ठासून सांगणाऱ्याच्या फोनमध्ये कोणाकोणाचे नंबर आहेत ते एकदा मोजून पाहावे.

म्हणून माझा आग्रह आहे की यादी कॉलेजच्या कार्यालयातून सुरू करावी. प्रवेशाचे रजिस्टर किंवा परीक्षा विभागातला निकाल. आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. त्यात कोणी कोणाचा मित्र नसतो. प्राचार्यांना पत्र द्यावे लागते, कारकुनाला चहा पाजावा लागतो, आणि अलीकडे वैयक्तिक माहितीच्या कायद्याचे नाव निघते. ते रास्त आहे. अशीच तयार झालेली एखादी एक्सेल फाइल पुढे विमा एजंटाच्या आणि प्लॉट विकणाऱ्याच्या हातात गेलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे, कारण तो एजंट आपल्याच बॅचचा असतो. तेव्हा कार्यालयाकडून नुसती नावे घ्यावीत, नंबर आपण शोधावेत, आणि सगळे नंबर फक्त दोघांकडे राहावेत.

नावे हातात आली की खरा प्रश्न उभा राहतो. वायडी झालेल्याचे काय करायचे? एम-थ्रीत किंवा अप्लाइड मेकॅनिक्समध्ये अडकून ज्याचे वर्ष गेले, तो प्रवेशाच्या यादीत एका बॅचबरोबर आणि निकालाच्या यादीत दुसऱ्या बॅचबरोबर असतो. पहिल्या बॅचला वाटते तो मागच्यांचा झाला, मागच्यांना वाटते तो आमच्यात एकच वर्ष होता. दोन बॅचचा म्हणून कोणाचाच नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले तसेच. पहिल्या वर्षाच्या आठवणींचा सगळा तमाशा त्यांच्या समोरून जातो आणि त्यात त्यांचे कोणी नसते. जे मध्येच सोडून गेले, शेती बघायला, बाप वारला म्हणून, किंवा इंग्रजीतली पुस्तके झेपेनात म्हणून, त्यांचे नाव कोणत्याच निकालात नाही. ज्याला आपल्या वर्गात एक दिवस बाकावर बसू दिले तो आपला, एवढीच कसोटी मला पटते. पदवीचा निकष विद्यापीठाला शोभतो.

मुलींचे प्रकरण याहून अवघड. कॉलेजच्या यादीतल्या मुलीचे तीन शब्दांचे नाव लग्नानंतर दोन शब्दांनी बदलते, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहून तिसरा शब्दही बदललेला असतो. लिंक्डइनवर शोधायचे तर कोणत्या नावाने? मग माहेरचा पत्ता, भावाचे दुकान, काकांचा दवाखाना असा उलटा माग काढावा लागतो. तिथे एखाद्या पुरुषाने फोन केला की पलीकडून ‘आपण कोण? काय काम होतं?’ सुरू होते. तेच मुलीने फोन केला की दोन मिनिटांत नंबर मिळतो, वर घरी येऊन जायचे आमंत्रणही मिळते. म्हणून यादीचे निम्म्याहून अधिक काम बॅचमधल्या बायका करतात. मेळाव्याच्या दिवशी माइक मात्र कोणाच्या हातात असतो ते आठवून पाहा.

आणि इतके करून शोधलेल्या मैत्रिणीला आपण सांगतो काय, तर शुक्रवारी संध्याकाळी या, रविवारी जा, रात्री गच्चीवर ‘कॉकटेल’ आहे. सासरे आजारी, मुलाची बारावी, आणि नवऱ्याला ‘कॉलेजच्या मित्रांबरोबर दोन रात्री’ समजावून सांगायचे. कितीजणी येतील? एका दिवसाचा, दुपारच्या जेवणाचा, कॉलेजच्याच आवारातला मेळावा ठेवला तर येणाऱ्या बायकांची संख्या लगेच वाढते. मी पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणी वाढली. ज्यांना रात्र जागवायची आहे त्यांनी संध्याकाळी खुशाल रिसॉर्टला जावे. पण तो त्यांचा खाजगी कार्यक्रम. बॅचच्या नावावर लावू नये.

वर्गणीचेही हेच. रिसॉर्ट, दोन रात्री, टी-शर्ट, पिशवी, डीजे धरून माणशी पाच-सहा हजारांचा आकडा सहज होतो. ज्याने तो सुचवला त्याला ती एका शनिवारची पार्टी वाटते. विनाअनुदानित कॉलेजात शिकवणारा, पाच महिन्यांचा पगार थकलेला आपलाच वर्गमित्र तो आकडा वाचतो आणि ‘त्या तारखांना जरा बाहेरगावी आहे’ असे कळवतो. समितीतली भली माणसे लिहितात, ‘कोणाला अडचण असेल तर पर्सनलवर सांगा.’ असा निरोप कोणी कधी पाठवल्याचे मला माहीत नाही. पन्नाशीतला माणूस जुन्या मित्राकडे सवलत मागत नाही. गल्लीतल्या गणेश मंडळाला हे आपल्यापेक्षा बरे कळते. तिथे कोणी एक्कावन्न देतो, कोणी पाच हजार एक. रांगेत प्रसाद दोघांना सारखाच मिळतो आणि एक्कावन्नवाल्याला कोणी बाहेर थांबवत नाही. आपली वर्गणीही जेवणापुरती, चारपाचशेची असावी. वरचा खर्च ज्यांना झेपतो त्यांनी उचलावा, आणि कोणी किती दिले ते स्टेजवरून सांगू नये. हिशेब मात्र आठवड्याच्या आत सगळ्यांसमोर टाकावा, पावत्यांसकट. पैसे कोणाएकाच्या यूपीआयवर गोळा होतात; बोलणारे बोलतातच, आणि बहुतेक वेळा खिशातून गेलेले हजार-दोन हजार त्या बिचाऱ्याने कधी मागितलेलेही नसतात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. फुकट राबणाऱ्याला तुम्ही आणखी किती राबवणार? मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये सामूहिक कृतीवर जे पुस्तक लिहिले, त्याचा गाभा हाच आहे: फायदा सगळ्यांना मिळणार असेल तर कष्ट दुसऱ्याने करावेत असे प्रत्येकाला वाटते, आणि गट जितका मोठा तितके हे जास्त. दोनशे जणांच्या ग्रुपात चौघे उठले हेच पुष्कळ. त्यांना जाब विचारत बसलो तर पुढच्या वेळी चौघेही उठणार नाहीत.

पण मी त्यांना जास्त काम सांगत नाही. आहे तेच काम दुसरीकडे लावायला सांगतो. टी-शर्टच्या रंगावर आणि कॉलरवर ज्या बैठका होतात, निवेदक बाहेरचा आणायचा की आपलाच, शिक्षकांना शाल-श्रीफळ की ट्रॉफी, यावर जे संदेश पडतात, तेवढ्या वेळात तीस माणसे फोनवर सापडतात. (शिक्षकांबद्दल एवढेच: ज्यांनी सगळ्या बॅचला छळले त्यांचाच सत्कार सगळ्यांत थाटात होतो. हे मला कधी उलगडलेले नाही.)

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. काही जणांना सापडायचेच नसते. कॉलेजची चार वर्षे सगळ्यांना सुखाची गेली असे कोणी सांगितले? ज्याचे विंगेत रॅगिंग झाले, जिच्या मागे वर्षभर कोणी लागला होता आणि सगळी बॅच हसत होती, त्यांनी त्याच चेहऱ्यांना भेटायला का यावे? २०१४ नंतर राजकारणाच्या फॉरवर्डांना कंटाळून ग्रुप सोडून गेलेलेही आहेत. अशांना न विचारता पुन्हा ग्रुपमध्ये टाकणे हा उद्धटपणा आहे. एकदा फोन करावा, तारीख सांगावी, नाही म्हटले तर कारण विचारू नये. यादीत नाव असणे आणि मेळाव्याला हजर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली समितीने त्याला द्यायची असते, दुसरी त्याने ठरवायची असते.

गेलेल्यांचे फोनही करावेच लागतात. श्रद्धांजलीची स्लाइड करणाऱ्याने ग्रुपवरच्या ऐकीव माहितीवर नावे टाकू नयेत, घरी विचारावे. पलीकडे बहुधा बायको असते किंवा शिकणारा मुलगा, आणि त्याला बाबांच्या कॉलेजचे काही ऐकायचे असते. तो फोन लांबतो. लांबू द्यावा.

आता कॉलेजकडे येऊ, कारण तिथले स्वागत अलीकडे फारच जिव्हाळ्याचे झाले आहे. पूर्वी माजी विद्यार्थ्याला शिपाईसुद्धा ओळखत नसे. आता प्राचार्य स्वतः फाटकावर येतात. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा रकाना आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आयआयटी मुंबईचे उदाहरण. तिथल्या १९९८ च्या बॅचने २०२३ च्या रौप्यमहोत्सवात ५७ कोटी रुपयांची देणगी जाहीर केली. त्याआधीचा विक्रम १९७१ च्या बॅचचा होता, सुवर्णमहोत्सवातला, ४१ कोटींचा. तेव्हापासून साध्या कॉलेजच्या मेळाव्यातही दुपारच्या जेवणाआधी कोणीतरी उठून ‘आपण निदान एक लॅब तरी’ असे सुरू करतो. लॅब द्यायला माझी ना नाही. पण हात वर करून आकडा सांगायची ती पंधरा मिनिटे सगळ्या सभागृहाला दोन भागांत चिरून टाकतात, आणि दुसऱ्या भागातली माणसे पुढच्या वेळी येत नाहीत. देणगी हवीच असेल तर ती मेळाव्यानंतर, पत्राने, ज्याची त्याला मागावी.

आणि कोणी म्हणेल की अहो, चार मित्र जमून जेवले तर त्यात तुम्ही एवढा न्यायनिवाडा कशाला घालता? अगदी मान्य. चार मित्रांनी जेवावे, गोव्याला जावे, त्यांना यादी लागत नाही. पण फाटकावरच्या फ्लेक्सवर ‘१९९९ बॅच’ असे लिहिले, त्या नावाने कॉलेजचे सभागृह मागितले, त्या नावाने बाकावर पाटी बसवली, की जे आले नाहीत त्यांचे नावही वापरले जाते. मग त्यांना निदान विचारले होते का, एवढे दाखवता आले पाहिजे.

मेळावा झाला की बहुतेक समित्यांकडे थोडी रक्कम शिल्लक राहते आणि ती एखाद्या बाकाला किंवा पाण्याच्या कूलरला जाते, बॅचचे नाव कोरून. माझी सूचना वेगळी आहे. त्या पैशांतून न सापडलेल्यांचा शोध चालू ठेवावा. एखाद्याला एसटीने त्याच्या गावी जाऊन यायला सांगावे, कार्यालयातून उरलेल्या शाखांच्या याद्या काढाव्यात, दरवर्षी एकदा नंबर तपासावेत. आणि पुढचा मेळावा मे महिन्यात ठेवावा. गळीत संपलेले असते, अधिवेशन नसते, मुलांच्या शाळा बंद असतात. कॉलेजच्या हॉलमधले पंखे आवाज करतात आणि उकाडा भयंकर असतो, हे खरे. अमेरिकेतल्या मित्रांच्या मुलांच्या शाळा मात्र तेव्हा चालू असतात, त्यांतल्या पुष्कळांना येता येणार नाही. त्यांना तारीख ठरण्यापूर्वी एकेकाला फोन करून तसे सांगावे; साखर कारखान्यातल्यांना तसा फोन आजवर कोणी केलेला नाही.